झराईच्या अंगणातले तीन दगड

ती पिशवी तेवढी त्या दगडांवरून उचला. राग मानू नका. नव्या माणसाला ठाऊक नसतं, आणि दगडही असे मांडलेत की कोणालाही वाटावं, सामान टेकवायलाच ठेवलेत. ती चूल आहे. जांभ्याचे तीन दगड, तोंड उगवतीकडे. वाकून आतली बाजू पाहा, कुठे धुराचा डाग दिसतो का? दिसायचा नाही. ह्या चुलीत कधी विस्तव पडलाच नाही. तरी रोज सकाळी तिच्याभोवती सारवण होतं, आणि सारवणारी बाई त्या वेळी कोणाशी बोलत नाही.

मला इथं सगळे तातू म्हणतात. देवळाची दिवाबत्ती मी बघतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ही हकिगत सांगायचं कामही माझ्याकडेच आहे. आमच्या नाटवली गावाचा तसा दंडकच आहे की जो विचारील त्याला सांगायचं, आणि सांगताना काही पोटात ठेवायचं नाही. दुसऱ्या गावांच्या कथा ऐका. कुठे देव स्वप्नात आला, कुठे गाईनं वारुळावर पान्हा सोडला, कुठे कोण्या सतीच्या शब्दानं नदीनं वाट दिली. सांगणाऱ्याची छाती फुगते. आमची कथा सांगताना मान खाली जाते. पण देवळाच्या दारात बसून खोटं कसं सांगायचं?

देऊळ किती जुनं, ते विचारू नका. आमच्याकडे जे कोणी बांधलं ते आठवत नाही ते सगळं पांडवांच्या नावावर, तसं हेही पांडवांनी बांधलं म्हणतात. कौलं अलीकडची. लाकडी खांब माझ्या आज्याच्याही आधीचे. गाभारा मात्र फार जुना, एकावर एक दगड बसवलेले, चुन्याचा थेंब नाही. आत झराई आहे. काळ्या पाषाणाची, उभी, एका हातात कलश. तिच्या पायाखालून झरा निघतो म्हणून झराई. तो झरा अजून आहे, भर वैशाखातही आटत नाही. त्याच पाण्यावर खालचा वायंगणाचा मळा भिजतो, उन्हाळी भाताचा. ही झऱ्याची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तुमच्यापैकी कोणाला कौल लावायचा असेल तर आधीच सांगतो, इथं तो लागत नाही. परवा एकजण मोठी गाडी घेऊन आले. जमीन घ्यावी की न घ्यावी, देवीला विचारा म्हणाले. मी त्यांना शेजारच्या गावचा रस्ता दाखवला. कौल म्हणजे काय, ते ठाऊक नसेल कोणाला. फुलांच्या ओल्या पाकळ्या, आम्ही त्यांना कळे म्हणतो, त्या गुरव देवीच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूंना चिकटवतो. मग मानकरी गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवीपुढं मांडलेला प्रश्न, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचा गाव 'व्हय महाराजा' म्हणून रुकार देतो. मग सगळे वाट बघतात. उजवा कळा आधी पडला तर देवीचा होकार, डावा पडला तर नकार. पेरणीला विचारायचं, लग्नाला विचारायचं, होडी पाण्यात घालायला विचारायचं. आम्ही पहिल्यापासून देवभोळी माणसं. देवीला विचारल्याशिवाय पुण्य करत नव्हतो, आणि पापही करत नव्हतो.

राजवट कोणाची होती ते कोणी सांगत नाही. पण त्या साली घाटावर मोठा दुष्काळ पडला होता, असं सांगतात. तिकडची माणसं घाट उतरून कोकणात येत होती. चैत्रातली रामनवमी झाली आणि दुसऱ्या दिवशी, दशमीच्या सकाळी, एक लहानसा मेळा ह्या अंगणात येऊन थांबला. पुढं एक बाई होती, येसू नावाची. वयानं उतरलेली, पण मेळ्याचा सगळा भार तिच्यावर. तिच्याबरोबर तिचा म्हातारा दीर, मुलगा, सून आणि भावकीतली काही माणसं. सून अवघडलेली होती. पोटात कळ आली की ती ह्या ओवळीच्या झाडाला पाठ लावायची आणि डोळे मिटून घ्यायची.

त्या वेळी गावाचा मुख्य होता हिरोजी गावकार. आमच्याकडे गावकारांची घरं पुष्कळ आहेत. कोणालाही विचारा, हिरोजी नेमका दुसऱ्या घरातला निघतो. पण तो वाईट माणूस होता असं मी सांगणार नाही. आल्या आल्या त्यानं त्यांना गूळपाणी दिलं, म्हणे.

"खयसून इलास?" त्यानं विचारलं.

येसूनं घाटावरच्या कुठल्याशा गावाचं नाव सांगितलं, आणि हात जोडून म्हणाली, "दादा, सुनंचं दिस भरल्यात. एवढं बाळंतपन हितं हुंद्या. पोरगी उठती झाली की आमी म्होरं जातू. एक चूल मांडायपुरती जागा द्या, दुसरं काय बी नगं."

मागणी एवढीच होती. पण आमच्या गावाचे दोन नियम होते, आणि ते तिला ठाऊक नव्हते. पहिला असा की गावात नवी चूल पेटवायची तर देवीचा कौल हवा. कौल उजवा मिळाला की गुरव देवळातल्या समईवरून विस्तव द्यायचा, आणि त्या विस्तवानं पाहुण्याची चूल पेटायची. दुसरा नियम असा की जे मूल गावाच्या शिवेत जन्मलं ते गावाचं. मग त्याला मळ्यात वाटा आणि झऱ्याच्या पाण्यात पाळी. नियम चांगलेच होते हो. पहिला बहुतेक परक्याला कोणी उगाच हाकलू नये म्हणून केलेला, आणि दुसरा कोणाचं लेकरू उपाशी राहू नये म्हणून.

हिरोजी म्हणाला, "बस हंय. आयेक इचारतो आणि सांगतो."

येसूला फार बरं वाटलं. माणसांच्या हाती असतं तर कोणी हो म्हणालं असतं, कोणी नाही. इथं प्रत्यक्ष देवी सांगणार होती. तिनं आजूबाजूचे दगड जमवले, त्यातले तीन निवडले, आणि विस्तव यायच्या आधीच चूल मांडून ठेवली. विस्तव घ्यायला एक खापर पुसून, तळाशी राख पसरून जवळ ठेवलं. बाईमाणूस, पहिली तयारी चुलीचीच करणार.

आत गाव जमला. गुरव होता धाकू नावाचा, मऊ स्वभावाचा, कोणाला मोडता न घालणारा. त्यानं कळे लावले. हिरोजीनं गाऱ्हाणं सुरू केलं. "बाय देवी आये झराये! आज तुझ्या दारात परमुलखातली माणसा इली हत..."

"व्हय महाराजा!"

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातून निघालंही नव्हतं, तोच उजवा कळा टपकन खाली पडला.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? कौल झाला होता. धाकू समईकडे वळलासुद्धा, म्हणे. पण मागून कोणीतरी कुजबुजलं, मळ्यात आणखी एक वाटा. आणि हिरोजी म्हणाला, "थांब. गाऱ्हाणा पुरा होवच्या आदी कळो पडलो. ह्यो धरूचो नाय."

कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रश्न पुरा झाला नाही तर उत्तर कसं धरायचं? धाकूनं नवे कळे लावले. पुन्हा गाऱ्हाणं, ह्या वेळी शेवटपर्यंत. पुन्हा उजवा पडला. तेव्हा एक मानकरी म्हणाला की गुरवानं उजवा कळा सैल लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा दुसरा म्हणाला, प्रश्नच चुकीचा विचारला. माणसं राहू देत का, असं नाही विचारायचं. त्यांच्या राहण्यानं गावाला तोशीस लागणार नाही ना, असं विचारायचं. तसं विचारलं. देवीनं तरीही उजवाच दिला. मग कोणी म्हणालं फुलंच शिळी आहेत, ताजी आणा. ताजी आणली.

एकदाही कोणी लबाडी केली नाही, हे सांगायला हवं. कोणी कळा बोटानं ढकलला नाही, कोणी जास्त पाणी लावलं नाही. देवीच्या अंगाला खोटा हात लावायची कोणाची छाती नव्हती. फक्त विचारत राहिले. घरातली म्हातारी एकदा 'हो' म्हणाली, तर आपल्याला हवं ते निघेपर्यंत तिला तेच तेच विचारत राहावं, तसं. आणि प्रत्येक वेळी सगळा गाव मोठ्यानं म्हणत होता, 'व्हय महाराजा.'

बाहेर येसूला ते ऐकू येत होतं. तिला आमची बोली जेमतेम कळायची, आणि आतले शब्द बाहेर नीट पोचत नव्हते. पण एवढा गाव एका सुरात काहीतरी म्हणतोय, पुन्हा पुन्हा म्हणतोय, ह्याचा अर्थ तिनं आपल्या मनाप्रमाणे लावला. तिला वाटलं, ही माणसं आपल्यासाठीच देवीला गळ घालताहेत. म्हणे आतून 'व्हय महाराजा' आलं की ती कपाळ भुईला टेकवायची. सुनेला म्हणायची, "बग की गं, कसली मानसं हायती. आपलं कोन बी न्हाईत, तरी सकाळधरनं देवीच्या पाया पडत्यात."

इथं आलो की मी नेहमी थांबतो. तुम्हीही जरा पाणी प्या.

दुपार झाली. खाली खाडी दिसते ना तुम्हाला, त्या माडांच्या पलीकडे? तिथं तेव्हा पूल नव्हता. ओहोटीला पाणी उतरलं की माणसं चिखलातून वाट काढत पलीकडे जायची. त्या दिवशी भर दुपारी ओहोटी होती. मधली धार सोडली तर खाडी रिकामी पडली होती. सकाळीच तोंडावर 'नाही' म्हटलं असतं, तर ती माणसं दुपारच्या ओहोटीत सुखानं पलीकडे गेली असती. वाईट झालं असतं, पण एवढं वाईट झालं नसतं. आम्हांला 'नाही' म्हणायचं होतं, पण ते देवीकडून वदवून घ्यायचं होतं. तेवढ्यात दुपार गेली.

ऊन कललं. कळे लावून लावून धाकूची बोटं गारठली होती. तो हिरोजीला म्हणाला, "गावकारानू, आता पुरे. आयेन सांगला ता सांगला."

हिरोजी म्हणाला, "आजून एक डाव."

त्या एका डावात डावा कळा पडला. कसा पडला, ह्याबद्दल गावात अजून दोन मतं आहेत. कोणी म्हणतात देवी थकली, आणि थकून म्हणाली, घ्या तुमचं तुम्हांला. मला विचाराल तर वाऱ्यानं पडला. दुपार कलली की आमच्याकडे समुद्राकडून खारा वारा सुटतो, सभामंडपातून थेट गाभाऱ्यात शिरतो. आताही तो समईची वात हलवतोय, बघा. पण त्या दिवशी वाऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. ह्या खेपेला कळा सैल होता का, फूल शिळं होतं का, गाऱ्हाणं चुकलं का, एकानंही विचारलं नाही. "दिल्यान! आयेन दिल्यान!" म्हणून सगळे उठले आणि मागच्या दारानं आपापल्या घरी गेले. मागच्या दारानं का? पुढच्या दारात येसू बसली होती.

सांगायला धाकू एकटा उरला. गुरवाचं कामच ते. तो पायऱ्या उतरला, तेव्हा येसू खापर दोन्ही हातांत धरून उभी राहिली. तिला वाटलं विस्तव आला. त्याचे हात रिकामे बघून तिनं विचारलं, "बाबा, आई काय म्हनली?"

धाकूनं मान वर केली नाही. म्हणाला, "आये नको म्हणता."

ती भांडली असती, तळतळाट दिला असता, तर बरं झालं असतं. आजही आमच्या बायका म्हणतात, तिनं शाप दिला असता तर भोगून मोकळे झालो असतो. पण तिनं खापर कमरेला लावलं आणि गाभाऱ्याकडे तोंड करून नमस्कार केला. "देवीनंच न्हाई म्हटल्यावर तुमच्यावर राग कसला, बाबा? तुमी सकाळपास्नं लई केलंसा आमच्यासाठी. आता वाट तेवढी दावा."

हे ऐकल्यावर धाकूला तिथं उभं राहवेना. त्यानं खाडीकडे बोट केलं. "थंयसून जावा. पलीकडे वस्ती हा." एवढं बोलून तो वळला आणि भराभर चालू लागला. भरती लागली आहे, आता खाडीत उतरू नका, आजचा दिवस इथंच काढा, हे त्यानं सांगितलं नाही. मनात कपट होतं म्हणून नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही भरतीची वेळ कळते, म्हणून ती सांगायची असते हे सुचतच नाही. आणि तो क्षणभर जरी त्या बाईपुढं थांबला असता तर कदाचित सुचलंही असतं. पण त्याला लाज वाटत होती, आणि लाजेनं तो पळाला.

देवळामागच्या तळीवर तो पाय धूत होता. पाय धुता धुता तळीतल्या पाण्याकडे बघून त्याला एकदम भरती आठवली. तसाच ओल्या पायांनी तो धावत सुटला. वाटेत बांधावर पडला, उठला, पुन्हा धावला.

तो काठावर पोचला तेव्हा मेळा खाडीच्या मध्यावर होता. आमच्या खाडीचं पाणी समोरून अंगावर येत नाही. ते आधी बाजूच्या ओहोळांतून मागं जातं, आलेली वाट बुडवतं, आणि मग माणसाकडे वळतं. घाटावरच्या माणसाला हे कसं कळावं? त्यांना पुढं चिखल दिसत होता, आणि सुनेला हाताला धरून ते सावकाश चालले होते. धाकू काठावरून ओरडला. "भरती! भरती! पुढे पळा!" वारा समुद्राकडून होता, शब्द मागच्या मागे उडून गेले. तिथून त्यांना फक्त एवढं दिसलं की देवळातला गुरव दोन्ही हात हलवून बोलावतोय.

येसू थांबली. असं सांगतात की तिचा चेहरा एकदम उजळला. तिला वाटलं, देवीनं निरोप फिरवला, गावानं परत बोलावलं. तिनंही हात हलवला, सगळ्यांना थांबवलं, आणि ती माणसं मागं वळली. धाकूकडे चालत येऊ लागली. आणि मागची वाट तर पाण्यानं केव्हाच भरली होती.

गावानं होड्या काढल्या. काढल्या नाहीत असं कोणी म्हणू नये. हिरोजी स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरला होता, म्हणे. पण होड्या चिखलात रुतलेल्या. त्या सोडवून पाण्यात ढकलेपर्यंत हाका थांबल्या होत्या. पलीकडे कोणी पोचलं नाही, आणि अलीकडेही कोणी परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला काठच्या कांदळाच्या झाडांच्या मुळांत ते खापर अडकलेलं सापडलं, तळाशी राखेचा लगदा धरून.

त्या सकाळी गाव देवीपुढं जमला. काय विचारावं ते कोणालाच कळत नव्हतं. शेवटी कोणीतरी म्हणालं, निदान त्यांचं क्रियाकर्म कोणी करावं ते विचारा. धाकूनं कळे लावले. ते पडले नाहीत. खारा वारा सुटला तरी हलले नाहीत. संध्याकाळ झाली, कळे सुकले, आणि सुकूनही पाषाणाला चिकटून राहिले. पुढं पेरणीचं विचारलं, पालखीचं विचारलं, साथ आली तेव्हा रडून विचारलं. झराई बोलली नाही. जिचं पहिलं उत्तर आम्हांला पुरलं नाही, तिनं उत्तर द्यायचंच सोडलं. मी देवीला दोष देत नाही. तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

धाकूनं गुरवकी भावाच्या हवाली केली आणि खाडीच्या तोंडावर खोपटं बांधून राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला भरती-ओहोटी सांगायची, एवढंच काम त्यानं मरेपर्यंत केलं. कोणी ऐकायला नसलं तरी रिकाम्या वाटेकडे बघून ओरडायचा. आधी लोक त्याला वेडा म्हणाले. मग त्याच्यामागं ते काम कोणी ना कोणी चालवत आलं. आता पूल झाला, खाडीत पाय घालायची कोणाला गरज नाही. तरी आजही आमच्या गावात पाहुण्याला निरोप देताना 'या' म्हणत नाहीत. 'भरती बघान जावा' म्हणतात. मुंबईची गाडी पकडणाऱ्यालाही म्हणतात. बाहेरची माणसं हसतात, आणि हसू देत. तुम्ही निघाल तेव्हा त्या दुकानातली बाई तुम्हालाही तेच म्हणेल, तेव्हा 'बघतो' म्हणा. तिला बरं वाटेल.

हिरोजीचं सांगायचं राहिलं. तो वर्षभर एकच म्हणत राहिला, "कौल डावोच होतो. मी खोटा बोलूक नाय." आणि ते खरंच होतं, हीच तर अडचण होती. त्याला खोटं कोणी म्हणू शकत नव्हतं. पण त्याच्या घरात कोणी त्याच्या पंक्तीला बसेना, आणि खरं सांगायचं तर तोही कोणाच्या डोळ्याला डोळा देईना. एकदा त्यानं हे दगड हलवायला माणसं बोलावली. माणसं आली, दगडांकडे बघून उभी राहिली आणि तशीच परत गेली. मग तो स्वतः वाकला. दगडाला हात लावला, आणि म्हणे तिथंच बसून लहान मुलासारखा रडला.

पुढच्या चैत्रात, त्याच दशमीला, त्यानं सकाळी गाव बोलावला. डोक्याचं मुंडासं काढून ह्या चुलीपुढं भुईवर ठेवलं. मागच्या दाराला कडी घालायला लावली, आणि पुढच्या दारानं, बोडक्या डोक्यानं गाभाऱ्यापुढं गेला. कळे लावायला सांगितले. गावाला वाटलं, क्षमा मागेल. त्यानं क्षमा मागितली नाही. त्यानं जे गाऱ्हाणं घातलं तेच आम्ही अजून घालतो, त्यात एक अक्षर बदललेलं नाही.

आजही चैत्र शुद्ध दशमीला दिवस मावळेपर्यंत नाटवलीत एकाही घरात चूल पेटत नाही. बाळंतिणीला आणि आजाऱ्याला लागेल तेवढं शेजारच्या गावातून येतं, तेही मागून आणावं लागतं, आणि का ते सांगावं लागतं. सगळा गाव ह्या तीन दगडांशेजारून, पुढच्या दारानं आत जातो. मागचं दार त्या दिवसापासून बंदच आहे, तुम्ही बघून या, त्याच्या कडीला गंज चढलाय. गुरव कळे लावतो, आणि जो कोणी गावकार असेल तो बोडक्या डोक्यानं उभा राहून म्हणतो:

"बाय देवी आये झराये! तू सांगलंस ता आमी आयकूक नाय."

"व्हय महाराजा."

"उजवो कौल मागूक आमी येवक नाय. आमचो त्येचेर हक्क नाय."

"व्हय महाराजा."

"डावो दी. आमका नको म्हण. पण बोल, आये."

"व्हय महाराजा."

मग आम्ही बसून राहतो. बाया, बाप्ये, पोरंटोरं, सगळी. दुपारची ओहोटी होते, ऊन कलतं, खारा वारा सुटतो आणि समईची वात हलते. त्या वेळी सगळ्यांची नजर एकाच जागी असते. मी लहान होतो तेव्हा उजव्या कळ्याकडे बघायचो. आता कितीतरी वर्षं डाव्याकडे बघतो.

कळे पडत नाहीत. दिवस मावळला की गुरव उठतो, ते एकेक करून हातानं काढतो आणि झऱ्यात सोडतो. मग आम्ही पुढच्या दारानं बाहेर येतो, ह्या चुलीपाशी जरा थांबतो, आणि घरी जाऊन आपापल्या चुली पेटवतो.